नव्वद फुटी खळं

कुवेतमधल्या फिंतासच्या त्या कॉलेजने २००७ साली बेसबॉलच्या मैदानावर खोटं हिरवं गवत अंथरलं, तेव्हा गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका काढली. तिच्यात मैदानाचा इतिहास दीड पानात आहे. उद्घाटनाला कोण कोण आलं, प्रेक्षकांच्या पायऱ्या कधी बांधल्या, दिवे कधी लागले, सगळं तारीखवार. १९९६ सालाबद्दल मात्र एकच वाक्य आहे: 'मैदानाचा मूळ पृष्ठभाग खेळास अनुकूल नसल्याने पहिल्या सामन्यानंतर बदलण्यात आला.'

तो मूळ पृष्ठभाग म्हणजे हरिश्चंद्र धुरीच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं.

हरिश्चंद्र कुडाळजवळच्या तेंडोलीचा गवंडी. ब्याण्णव साली तो कुवेतला उतरला तेव्हा लढाई संपून वर्ष झालं होतं आणि पडलेल्या भिंती इतक्या होत्या की गवंड्याला नाव विचारण्याआधी थापी आणलीय का ते विचारत. कॉलेजच्या कंपाउंडची भिंत बांधायला म्हणून त्याला घेतलं. भिंत पुरी झाली तरी त्याला जा असं कोणी म्हटलं नाही, म्हणून तो राहिला. गळके नळ, निखळलेल्या फरश्या, बिघडलेलं जे जे असेल ते ते हरिश्चंद्र. पण इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, त्याचा हुद्दा लिहिला होता 'आमिल'. मजूर. आणि मजुराला बायकामुलं आणता येत नाहीत.

बायको प्रेमा आणि मुलगी सुखदा तेंडोलीला होत्या. तो निघाला तेव्हा सुखदा दोन वर्षांची होती. मधे एकदा तो चाळीस दिवसांच्या सुट्टीवर गेला, तर ती भिंतीवरच्या फोटोला बाबा म्हणत होती आणि याला नुसतं 'कुवेतचे'. "आई, ते कुवेतचे आंघोळीला गेलेत." हरिश्चंद्राने पहिले दहा दिवस हसून घेतलं. पुढचे तीस दिवस तो त्या फोटोकडे जरा रागानेच बघत होता.

कॉलेजचे मालक मजीदसाहेब अमेरिकेत शिकलेले. तिथे डिग्री मिळवायला त्यांना सहा वर्षं लागली आणि बेसबॉलचं वेड लागायला एक दुपार. कॉलेज काढलं तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं की मागच्या मोकळ्या जागेत बेसबॉलचं मैदान करायचं. एका कंपनीने अमेरिकेहून जहाजाने तांबडी माती आणायचा अंदाज दिला. मजीदसाहेबांनी तो कागद वाचला, घडी घालून चहाच्या पेल्याखाली ठेवला आणि हरिश्चंद्राला बोलावलं.

"सदीक, इंता मालूम बेसबॉल?"

"मालूम," हरिश्चंद्र म्हणाला. कुवेतमध्ये तो एक गोष्ट पक्की शिकला होता. मालूम आधी म्हणायचं आणि मालूम नंतर करून घ्यायचं.

साहेबांनी त्याच्या हातात एक झेरॉक्स दिली. तिरका ठेवलेला चौकोन, एकेक बाजू नव्वद फूट. चार कोपऱ्यांत चार खुणा, मधोमध एक गोल. "लाल मिट्टी. एकदम सख्त. एकदम बराबर. धूल नहीं," साहेबांनी आपल्या पांढऱ्याशुभ्र दिशदाशाची बाही झटकून दाखवली. "मार्च में मॅच. कोच अमेरिका से आएगा. कोच देखेगा, ओके साइन करेगा, तुम मुशरिफ. खलास."

मुशरिफ म्हणजे सुपरवायझर. कॉलेजची सरकारी कागदपत्रं फिरवणारा मंदूब नूरी दारात उभा होता. त्याने हरिश्चंद्राला बाजूला घेऊन बोटावर हिशेब करून सांगितलं: मुशरिफचा इकामा झाला की फॅमिली व्हिसाचा अर्ज. अर्ज झाला की बायको. बायको आली की तुझं जेवण चांगलं. नूरीला स्वतःला चार मुलं होती. त्यामुळे मुलीचं बोट त्याने मोजलंच नाही, ते हरिश्चंद्राने मनात मोजलं.

त्या संध्याकाळी खोलीवर आल्या आल्या त्याने तुकारामला गाठलं. तुकाराम रंगारी, त्याच्याच गावचा, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा, आणि ज्या विषयातलं काही कळत नाही त्यावर ठाम बोलणारा.

"तुकादादा, तांबडी माती, घट्ट, सपाट, धूळ उडाक नको. ह्येका आपण काय म्हणतव?"

तुकाराम डाळीत खुबूसची रोटी बुडवत होता. त्याने मानही वर केली नाही. "खळा," तो म्हणाला. "आनी काय?"

झालं. पुढचे चार महिने त्या मैदानाला कोणी मैदान म्हटलं नाही.

कोकणात घरापुढचं अंगण म्हणजे खळं. ते नुसतं असत नाही, दरवर्षी घडवावं लागतं. माती आणायची, पाणी मारायचं, लाकडी चोपण्याने दिवसचे दिवस बडवायची, आणि वर शेणाचा हात फिरवायचा. मग त्यावर भात झोडा, पापड वाळवा, लग्न लावा. हरिश्चंद्राने फिंतासमध्ये हेच केलं. रस्त्याखाली घालतात ती पांढुरकी भरड गॅच घेतली, तिच्यात फुटक्या विटांची पूड मिसळली, वाफ्र्याच्या शेतावरून चिकणमाती आणली. खोक्यांच्या फळ्यांची सहा चोपणी केली. मग कोकणातली सहा माणसं एका ओळीत उकिडवी बसली आणि त्या तिरक्या चौकोनाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धपाधप बडवत सरकू लागली. कॉलेजातली पोरं खिडकीतून बघायची. एक लेबनीज प्राध्यापक तर रोज येऊन उभा राहायचा. त्याला वाटायचं, हा काही तरी प्रार्थनेचा प्रकार असावा.

शेण सुलेबियाच्या गोठ्यांवरून आलं, वानेतच्या, म्हणजे पिकअपच्या, उघड्या पाठीवर, चौदा गोणी. त्याच्या चिठ्ठीवर साहेबांची सही लागणार होती. हरिश्चंद्राने नूरीकडून अरबीत 'सिमाद' असं लिहून घेतलं. सिमाद म्हणजे खत. साहेबांना वाटलं, कडेच्या गवतासाठी असेल. खोटं काहीच नव्हतं. शेण हे खत आहेच. ते कुठे पडणार एवढंच चिठ्ठीवर नव्हतं.

घोडं पेंड खात होतं ते सारवणापाशी. सारवणं हे घरच्या बायकांचं काम. सहाही पुरुषांनी ते जन्मभर बघितलं होतं आणि एकानेही केलं नव्हतं. पहिला तुकडा इतका ओंगळ झाला की तुकाराम म्हणाला, "म्हशीन लोळान काढल्यासारखा दिसता." शेवटी हरिश्चंद्र फिंतासच्या फोन बूथवर गेला आणि तीन मिनिटांचा फोन तेंडोलीच्या शेजाऱ्यांकडे लावला. प्रेमा धावत आली.

"शेण पातळ करतंत काय गो?"

"कित्याक?"

"सारवूचा आसा."

पलीकडे फोन या कानावरून त्या कानावर गेला. मग प्रेमा म्हणाली, "तुम्ही कुवेतात सारवतास? माका चिठ्येत काय लिवलास? सुपरवायझरचा काम म्हणान!"

"गो, मिनटां जातत."

"पातळ करू नुको. पोपडे येतले. वायच घट्ट ठेवा. आनी हात उजवीकडसून डावीकडे. खांद्यातसून फिरवा, मनगटातसून नको," असं म्हणेपर्यंत फोन तुटला. तेवढं पुरलं. चौथ्या दिवशी त्या तांबड्या जमिनीवर शेणाच्या हाताची अर्धगोल नक्षी अशी उठली की सहाही जण चपला काढून कडेला उभे राहिले. हरिश्चंद्राने बोट फिरवून बघितलं. बोटाला कणभर धूळ लागली नाही.

मधल्या गोलाला त्याने वेगळा विचार केला. नकाशावर गोलात '१० इंच' असं लिहिलं होतं. म्हणजे दहा इंच उंच. आता खळ्याच्या मधोमध जे काही उंच असतं ते चिऱ्याविटांत बांधलेलंच असतं. त्यावर तुळस असते. अमेरिकन लोक तिथे काय ठेवतात ते हरिश्चंद्राला माहीत नव्हतं, पण जे ठेवतील ते हलू नये म्हणून त्याने विटांचा गोल ओटा बांधला, वर सिमेंटचा गिलावा केला आणि कडा अशा गोलवल्या की हात फिरवत राहावा. तुकारामचं म्हणणं होतं की चार बाजूंना पणतीसाठी कोनाडे ठेवावे. हरिश्चंद्राने ते मानलं नाही. नकाशात कोनाडे नव्हते.

कोच लॉयड सामन्याला तीन दिवस उरले असताना विस्कॉन्सिनहून उतरला. सहा फूट चार इंच उंच, हातात सामानाची पिशवी, आणि विमानतळावरून थेट मैदानावर. त्याने खळ्यात बूट घालूनच पाऊल टाकलं.

"खळ्यात पायताण घालून कोण येता?" तुकाराम पुटपुटला. "चोर नायतर पोलीस."

लॉयड चार पावलं चालला, थांबला, गुडघ्यावर बसला. त्याने जमिनीला हात लावला. मग तो हात नाकाशी नेला. हरिश्चंद्राकडे बराच वेळ बघितलं. खिशातून चेंडू काढला, खांद्याच्या उंचीवरून खाली आपटला आणि चेंडू त्याच्या टोपीवरून वर गेला.

मग तो ओट्यापाशी गेला. चेंडू टाकणाऱ्याने ज्या मातीच्या उंचवट्यावर बुटाचे खिळे रोवून उभं राहायचं, तिथे गिलावा केलेला ओटा बघून त्याने टोपी काढली. नंतर तो जवळजवळ दहा मिनिटं बोलला. हात हलवून, जमिनीवर पाय आपटून, एकदा स्वतःचे दात दाखवून.

मजीदसाहेबांनी भाषांतर केलं. "कोच बोलता, थोडा मुश्किल."

ओटा फोडून मातीचा उंचवटा करायला दोन दिवस गेले. नव्वद फुटी खळं मोकळं करायला तिसरा दिवस पुरला नसता. निमंत्रणं गेली होती. अहमदीच्या तेल कंपनीतल्या अमेरिकनांचा संघ येणार होता, साहेबांचे काका-मामा येणार होते, दोन वकिलातींतली माणसं येणार होती. सामना आहे तिथेच होणार असं ठरलं. लॉयडने सहीचा कागद घडी घालून वरच्या खिशात ठेवला. हरिश्चंद्राने तो खिसा नीट बघून ठेवला.

सामन्याच्या दिवशी सकाळी हरिश्चंद्राने खळ्याच्या कडेला चपलांची लाकडी मांडणी ठेवली होती. साहेबांनी ती बघितली.

"शिनू हादा? ये क्या? मस्जिद है?"

पण साहेबांच्या काकांनी मांडणी दिसल्याबरोबर सवयीने चपला काढल्या. त्यांच्या मागे सगळं घराणं अनवाणी झालं. मग वकिलातीच्या पाहुण्यांनाही काढाव्या लागल्या. कोणाला विचारून चालण्यासारखं नव्हतं. अशी ती मोठी माणसं त्या गार, गुळगुळीत जमिनीवरून अनवाणी चालत गेली, फीत कापली, आणि काका म्हणाले, "खोश!" छान. एवढी छान जमीन आपल्या घरीही नाही, असंही ते म्हणाले. हरिश्चंद्राची छाती फुगली. तुकाराम मात्र कडेला बसून रुमाल तोंडात कोंबत होता. चौदा गोण्यांपैकी नऊ त्याने स्वतः कालवल्या होत्या.

खेळाडूंनी चपला-बूट काढले नाहीत. त्यांच्या बुटांना लोखंडी खिळे होते. हरिश्चंद्र ते बघून मान वळवून उभा राहिला. पण खळ्याने आपलं आपण बघून घेतलं. अहमदीचा पहिला गडी, चांगला बैलासारखा, चेंडू टोलवून पहिल्या खुणेकडे सुसाट पळाला. थांबायची वेळ आली तेव्हा खिळे जमिनीत घुसलेच नाहीत. तो उभाच्या उभा खूण ओलांडून गेला, रेषा ओलांडून गेला, आणि पाहुण्यांच्या चहाच्या टेबलाला धरून थांबला. काकांनी त्याला खजूर दिला. तिसऱ्या डावात त्यानेच बूट काढून मांडणीत ठेवले. पाचव्या डावापर्यंत अठराच्या अठरा गडी अनवाणी होते, आणि हरिश्चंद्राला वाटलं, चला, माणसांना उशिरा का होईना रीत कळली.

चेंडूचं काय होत होतं ते मात्र कोणालाच कळत नव्हतं. जमिनीवर आपटलेला प्रत्येक चेंडू आभाळात जायचा. खालचे चारपाच जण तोंड वर करून एकमेकांवर आदळायचे, तोवर पळणारा घरी येऊन पाणी पिऊन बसलेला असायचा. हरिश्चंद्र हे सांगायचा तेव्हा सुरुवातीला चेंडू एक माड उंच जायचा. सुखदा कॉलेजात जाईपर्यंत दोन माड झाले. शेवटच्या आजारपणात, बोलताना दम लागत असताना, नर्स थांबा म्हणत असतानाही तो तीन माडांच्या खाली उतरला नाही.

चार तासांनी अंधारून आलं तेव्हा सामना थांबवला. फळ्यावर एकतीस आणि एकोणतीस लिहिलं होतं, पण कोणाचे एकतीस यावर दोन्ही संघांत वाद होता. साहेबांचे पाहुणे बेहद्द खूश. इतकं पळताना त्यांनी माणसांना कधी बघितलं नव्हतं. साहेब लॉयडजवळ गेले, त्याच्या वरच्या खिशाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "साइन?"

लॉयडने मान हलवली. नाही. त्याने कॉलेजच्या संघातल्या एका मुलाला पुढे आणलं. चेंडू जमिनीवरून उसळून त्याच्या ओठावर बसला होता. चार टाके पडणार होते. मुलगा हसत होता, त्याला उगाच सगळे बघतायत याची मजा वाटत होती. पण हसला की ओठातून रक्त यायचं. हरिश्चंद्राने ते बघितलं आणि त्याची फुगलेली छाती खाली बसली.

यावेळी लॉयड त्याच्याशी सरळ बोलला, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. "वेरी गुड वर्क. वेरी बॅड फॉर बॉईज. यू ब्रेक इट, आय साइन."

सहीचा कागद त्याने खिशातून काढून दाखवला आणि परत खिशात ठेवला.

खोलीवर तुकारामने जेवायला नकार दिला. "खळा खणतलंस? आपल्याच हातान? अरे, खोतानसुद्धा असला खळा बघूक नाय!"

"पोराच्या व्हटाक लागला, दादा."

"व्हट बरो जाता! असला खळा परत जमतला?"

हरिश्चंद्राने थाळी पुढे ओढली. "चेडू सा वर्षांचा झाला," तो सुखदाबद्दल म्हणाला. तुकाराम यावर काही ठाम बोलला नाही. हे त्याच्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं.

दुसऱ्या दिवशी खणायला सुरुवात झाली आणि खळ्याने दाद दिली नाही. कुदळ मारली की ठिणगी उडायची आणि कुदळ परत यायची. दोन दांडे मोडले. साहेबांनी रस्त्याच्या कामावरून डांबर फोडायचं मशीन आणवलं. ते चालवणारा मनुष्य तासाभरात हात सुन्न झाले म्हणून निघून गेला. जमिनीत ताटाएवढा खड्डा पडला होता. लॉयड येऊन त्या खड्ड्याकडे बघून गेला. त्याच्या चेहऱ्यावर राग होता की कौतुक ते सांगता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी हरिश्चंद्राने सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. खळं माणसाकडून कधी फोडलं जात नाही, ते पावसाने सुटतं, हे त्याला आधीच आठवायला हवं होतं. त्याने पाण्याची नळी आणली, तोंडाशी बोट धरलं आणि मृगाच्या सरी पडाव्यात तसं थोडं थोडं पाणी सोडायला लागला. दिवसभर तो त्या चौकोनाभोवती फिरत होता. संध्याकाळी जमीन काळसर झाली. सकाळी कुदळ एका झटक्यात दांड्यापर्यंत आत गेली.

आणि वास सुटला.

चौदा गोण्या शेण इतके दिवस मुकाट बसलं होतं. ते पाण्याने जागं झालं. कॉलेजच्या खिडक्या एकामागून एक बंद झाल्या. लायब्ररी सुटली. लेबनीज प्राध्यापक नाकाला टाय लावून गाडीकडे पळाला. मजीदसाहेब गच्चीवरून ओरडत खाली आले, मैदानाच्या कडेला थांबले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उमटत गेली. सिमाद. चौदा गोणी. चपलांची मांडणी. काका. दोन वकिलाती.

"इंता," ते म्हणाले. पुढचा शब्द त्यांना तीनही भाषांत सापडेना.

हरिश्चंद्र गुडघाभर चिखलात उभा होता. प्रेमा आणि सुखदा इथून अगदी हाताच्या अंतरावर आल्या होत्या, असं त्याला वाटत होतं, आणि आता ते अंतर त्याच्या डोळ्यांसमोर वाढत चाललं होतं. त्याने साहेबांना सांगायचा प्रयत्न केला. "सर, हमारे गाव में घर के सामने यही लगाते हैं. देव के सामने भी. एकदम नजीफ, सर." नजीफ म्हणजे स्वच्छ. साहेबांना ते पटल्यासारखं दिसलं नाही.

तेवढ्यात लॉयड आला. त्याने खोल श्वास घेतला, साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसायला लागला. हसणं थांबल्यावर त्याने सांगितलं ते असं: त्याच्या आजोबांच्या दोनशे गाई होत्या. पहिल्याच दिवशी हात नाकाशी नेला तेव्हाच त्याने ओळखलं होतं. इथल्या लोकांना माहीत असणारच, कदाचित ही इथली पद्धत असेल, नव्या माणसाने आल्या आल्या पद्धतीवर बोलू नये, म्हणून तो गप्प बसला. त्याला फक्त एवढंच कळलं नव्हतं की एवढे मोठे लोक अनवाणी का आले.

साहेबांनी एकदा त्याच्याकडे बघितलं. मग त्यांनी स्वतःचे तळवे, बूट घातलेलेच, एकदा उचलून बघितले. मग तेही हसायला लागले. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत, कमरेत वाकून. सावरल्यावर त्यांनी बोट उगारून हरिश्चंद्राला बजावलं, "अम्मी मालूम नहीं होना. कभी नहीं." अम्मी म्हणजे काका. हे काकांना कधीच कळता कामा नये.

लॉयडने सुटलेल्या मातीची एक मूठ उचलली, चोळली, बोटांतून सांडू दिली. विटांची पूड, गॅच, चिकणमाती. अशी माती तो गावाकडच्या मैदानासाठी वर्षानुवर्षं शोधत होता असं तो म्हणाला. ती तीन दिवस वाळवून मोकळी पसरली तेव्हा चेंडू तिच्यावर पडून शहाण्यासारखा गुडघ्याएवढाच उडाला. लॉयडने तिथेच, हरिश्चंद्राच्या पाठीचं टेबल करून, कागदावर सही केली.

नूरीने अर्जात कामाचं वर्णन भरायला सांगितलं तेव्हा लॉयडने लिहिलं: 'हा माणूस उत्तम मैदान करतो. आपण केलेलं उत्तम काम गरज पडल्यास मोडतोही. दुसऱ्या प्रकारची माणसं मला फार भेटलेली नाहीत.' नूरीने ते दोनदा वाचलं आणि अरबीत भाषांतर केलं: 'मुशरिफ.'

जूनमध्ये व्हिसा आला. विमान संध्याकाळी उतरलं. हरिश्चंद्र कॉलेजची वानेत घेऊन दोन तास आधीच विमानतळावर जाऊन उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि घामाने तो शर्ट केव्हाच अंगाला चिकटला होता. तुकारामही आला होता. बाईमाणसाला सामान उचलायला लागू नये म्हणून, असं तो म्हणत होता. सामान मात्र शेवटी प्रेमानेच उचललं, कारण तुकाराम डोळे पुसत होता आणि वाळू गेली, वाळू गेली म्हणत होता. विमानतळ चारी बाजूंनी बंद होता.

प्रेमाच्या खांद्यावर सुखदा होती, मान टाकलेली. "झोपला," प्रेमा म्हणाली. "घेवा."

हरिश्चंद्राने हात पुढे केले आणि थांबला. चार वर्षं तो पन्नास किलोची सिमेंटची गोण उचलत आला होता. गोण कशी उचलायची ते त्याला ठाऊक होतं. सोळा किलोचं झोपलेलं माणूस कसं उचलायचं ते ठाऊक नव्हतं. मग त्याने गोणीच्याच रीतीने, एक हात खाली, एक हात पाठीवर, असं तिला खांद्यावर घेतलं आणि इतकं सावकाश चालायला लागला की मागची माणसं वळसा घालून पुढे जाऊ लागली.

"अरे, पडूची नाय ती," तुकाराम म्हणाला. "जरा पाय उचल."

त्याने पाय उचलला नाही. गाडीपर्यंत पोचायला त्यांना वीस मिनिटं लागली. गाडीशी आल्यावरही त्याने तिला खाली ठेवलं नाही. गाडी तुकारामने चालवली आणि हरिश्चंद्र सीटवर तसाच, ताठ, मोडेल काहीतरी अशा बेताने, फिंतासपर्यंत बसून राहिला. हात भरून आला तरी त्याने तो हलवला नाही.

सुखदा झोपलेली नव्हती. विमान उतरल्यापासून ती जागी होती. डोळे उघडले तर खाली उतरवतील म्हणून तिने ते मिटून घेतले होते. हे त्याला कधीतरी सांगायचं, असं तिच्या मनात पुढे अनेकदा येऊन गेलं, आणि ते सांगायचं राहिलं.